गाल सुजायच्या दोन दिवस आधी

तिसरीतला एक पोट्टा सोमवारी सकाळी शाळेत आला तो डावा गाल टम्म फुगवून, पार कानाच्या पाळीपर्यंत. बाकीचे हसायला लागले, मी म्हटलं दाढ दुखत असन, पण हात लावला तर अंग तापलेलं. कोणीतरी बोरं आणली होती, त्यातलं एक आंबट त्याला दिलं तर तोंडात टाकताच "आई ग" करून त्यानं गाल धरला. आंबटानं लाळ सुटते आणि लाळेच्या ग्रंथीच सुजलेल्या असल्या की तिथंच कळ येते. गालफुगी होती ती, म्हणजे गालगुंड. त्याला लगेच घरी धाडलं, तो बसायचा ती पट्टी बाहेर उन्हात टाकली, फिनाईलनं फरशी पुसून घेतली आणि मनात म्हटलं, चला, सुटलो.

१५ दिवसांनी त्याच वर्गातली चार लेकरं तशीच गाल फुगवून आली.

तेव्हा मला खरंच राग आला होता, एवढं करूनही असं काहून झालं म्हणून. नंतर पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी हिशोब समजावला तेव्हा कळलं की मी फरशी पुसली तोपर्यंत काम होऊन गेलं होतं. गालफुगीचा विषाणू लाळेतून बाहेर पडते आणि ते सूज दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून सुरू होते, सुजल्यावर मग अजून पाचेक दिवस. म्हणजे शनिवारी तो पोट्टा एकदम ठणठणीत, कबड्डी खेळला, एकाच पाण्याच्या बाटलीला चौघांनी तोंड लावलं आणि विषाणू तिथंच पोचला. शरीरात शिरल्यापासून गाल सुजेपर्यंत बहुतेक १६ ते १८ दिवस जातात. शनिवार धरून मोजलं तर तारीख बरोबर जुळते.

आपण शाळेत साथीचा बंदोबस्त करतो तो आजारी लेकरू हुडकायच्या हिशोबानं, आणि विषाणू चालतात ते ठणठणीत दिसणाऱ्या लेकरांच्या अंगातून. कांजिण्यांचं तेच, अंगावर पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होते. गोवर तर त्याहून वस्ताद, पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून पुढचे चार दिवस, आणि सुरुवातीला दिसते फक्त सर्दी-खोकला-ताप, जो जुलैत आमच्याकडं अर्ध्या वर्गाला राहतेच. म्हाताऱ्या बाया म्हणतात माता आली, लेकराला वेगळ्या खोलीत ठेवतात, उंबऱ्यावर कडुनिंबाचा डहाळा. वेगळं ठेवणं चांगलंच म्हणा, पण डहाळा लागला तेव्हा चार दिवस उलटून गेलेले असतात.

गोवरावर जरा थांबतो, कारण शाळेसाठी याच्यासारखा दुसरा धडा नाही. गोवरवालं लेकरू खोलीत खोकललं आणि उठून गेलं तरी विषाणू त्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकते, म्हणजे त्याच्या बाजूला बसायचीही गरज नाही. संरक्षण नसलेल्या १० जणांना संपर्क आला तर त्यातल्या ९ जणांना होते. कोणालाच संरक्षण नसलेल्या गावात एक रोगी सरासरी १२ ते १८ जणांना देते असं धरतात, फ्लूमध्ये हाच आकडा एक-दोनच्या आसपास राहते. लसीकरणवाले ९५ टक्के, ९५ टक्के करत काहून मागं लागतात ते इथंच कळते. एक रोगी १८ जणांना देणार असन आणि त्यातले १७ जण आधीच सुरक्षित असन तर एकालाच लागण होईल, एकाचा एक, म्हणजे साथ वाढत नाही. १८ पैकी १७ म्हणजे ९४ टक्क्यांच्या थोडं वर. पाचवीच्या पोराला हे गणित फळ्यावर घालून द्या, त्याला जमते.

गोवर-रुबेलाचे दोन डोस असतात, पहिला ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. नवव्या महिन्यातल्या एका डोसनं साधारण १०० पैकी ८५ लेकरांना संरक्षण मिळते, उरलेल्यांसाठीच दुसरा लागते. गाडी अडते ती इथं. दुसऱ्या डोसाच्या वेळी माय वीटभट्टीवर गेलेली राहते, परत येईस्तोवर लेकराचं कार्ड हरवलेलं. तालुक्याचा आकडा ९५ दाखवत असन पण अशी दहा घरं एकाच टोल्यावर, म्हणजे वस्तीवर असली तर विषाणूला तेवढं पुरते, त्याला तालुक्याची सरासरी कुठं वाचता येते. म्हणून पहिलीत नाव टाकतानाच लसीचं कार्ड मागून घ्यावं, डोस राहिला असन तर आशाताईला कळवावं, लेकराला मात्र परत धाडू नये. आणि गालफुगीची लस सरकारी वेळापत्रकात नाही हेही सांगून ठेवतो, तिथं गोवर आणि रुबेला हे दोनच आहेत. कांजिण्यांचीही नाही. त्या दोन्ही लसी खाजगीत पैसे देऊन मिळतात, आमच्या पालकांना ते परवडते असं नाही. त्यामुळं गालफुगी अधूनमधून येतच राहणार.

हवेतून येणाऱ्याला खिडकी हाच उपाय. आमची खोली टिनाची, आमोरासमोर दोन खिडक्या, आणि हिवाळ्यात लेकरं आल्या आल्या दोन्ही लावून घेतात. मी एक दिवस खिडक्या बंद करून कोपऱ्यात उदबत्ती लावली, विझवली आणि म्हटलं, वास गेला की हात वर करा. बराच वेळ कोणाचाच हात वर नाही. मग दोन्ही खिडक्या उघडून तेच केलं तर थोड्या वेळातच हात वर. धुराचे कण जसे तरंगत राहतात तसेच खोकल्यातले एकदम बारीक थेंब तरंगतात, हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एकच खिडकी उघडून फारसं भागत नाही, हवेला यायला एक आणि जायला एक वाट पाहिजे. थंडी वाजली तर स्वेटर घाला म्हणतो.

डोळ्यांचं मात्र वेगळं आहे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले, बुलडाण्याकडं तर फार, आणि आमच्याकडं पोरं एकमेकांच्या डोळ्यात पाहायची बंद झाली. काळे चष्मे लावून आले काही जण, हिरोच दिसून राहिले होते. पण डोळ्यात पाहून डोळे येत नाहीत हो. डोळा चोळला तो हात, तोच रुमाल, तीच काजळाची डबी, तोच गुलाबी टॉवेल जो मुतारीबाहेर खिळ्याला लटकलेला, या वाटेनं येतात. अशा साथीत बऱ्याचदा अॅडेनोव्हायरस सापडते आणि त्याला बाहेरून चरबीचं कवच नसते. कोरोनाच्या विषाणूला ते होतं, म्हणून सॅनिटायझरनं ते विरघळायचं. अॅडेनोवर सॅनिटायझरचा तेवढा जोर चालत नाही, कोरड्या जागेवरही तो कित्येक दिवस टिकते. इथं साबण आणि वाहतं पाणीच बरं. साबणाच्या कणाचं एक टोक तेल-चिकट्याला धरते आणि दुसरं पाण्याला, त्यामुळं हातावरचा चिकटा त्यातल्या विषाणूसकट सुटून वाहून जाते. मेला नाही तरी हातावरून तर गेला. २० सेकंद चोळायचं असते, बेचा पाढा सावकाश म्हणायचा, बे दाहे वीस झालं की हात पाण्याखाली.

आता खिचडीच्या सुट्टीचं सांगतो. आमच्याकडं हात धुवायला छान रंगीत स्टेशन बांधून दिलंय, सहा तोट्या, भिंतीवर हसणारा हात काढलेला, आणि मार्चनंतर टाकीत पाणी नाही. मग बादली ठेवायचो आणि सगळे त्यातच हात बुचकळायचे. हे न धुण्यापेक्षा बेकार, कारण चाळीस जणांच्या हातावरचं चाळीस जणांत वाटल्या जाते. आता पाच लिटरची कॅन दोरीला टांगली, झाकणाजवळ खिळ्यानं भोक, खाली काडी बांधली, पायानं काडी दाबली की कॅन वाकते आणि बारीक धार येते. एकाला पेलाभर पाण्यात भागते आणि कोणाचा हात कॅनला लागत नाही. साबण चोरीला जायचा तो जुन्या मोज्यात घालून टांगला. टॉवेल काढूनच टाकला, हात हवेत झटकून वाळवा म्हटलं, ओल्या हातानं जंतू जास्त उचलल्या जातात.

प्यायच्या पाण्यात पेला बुडवणं हा तसाच प्रकार. रांजणाला लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं की अर्धं काम झालं, तोटीवाला माठ असला तर अजून बरं. २०२२ च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलरा पसरला तेव्हा लोक उघड्या विहिरीचं पाणी पिऊन राहिले होते. पहिल्या पावसात विहिरीत काय काय वाहून येते ते आपल्याला माहीतच आहे, आणि विदर्भात शाळा उघडते तीच नेमकी जूनच्या शेवटी, पाऊस सुरू होताना. गावचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, पण पोतं उघडं राहिलं तर त्यातलं क्लोरीन उडून जाते आणि उरतो नुसता चुना. पाणी गढूळ असलं तर क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडते, म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यायचा, मग टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. ओटी नावाच्या क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम पाहिजे. सातवीच्या पोरींना ही टेस्ट शिकवली, आता त्या रोज प्रार्थनेआधी करतात आणि रंग आला नाही तर सरपंचालाही सोडत नाहीत.

राहिली हजेरी. २६ जानेवारीला आम्ही १०० टक्के उपस्थितीचं बक्षीस द्यायचो, कंपासपेटी. एका वर्षी ती पेटी घेणाऱ्या पोरीला मी विचारलं, "तुला वर्षभर तापच आला नाही का ग?" तर म्हणे, "आला ना सर, पण मी सांगतलंच नाही." तेव्हापासून बक्षीस बंद केलं, त्या पैशात साबण येते. पण पोरीला बक्षिसाचा लोभ होता म्हणावं तर मायला काय होतं? कापूस वेचायच्या दिवसांत एक दिवस घरी बसलं की रोजी बुडते, आणि तापलेलं लेकरू घरात एकटं ठेवण्यापेक्षा शाळेत बरं, खिचडीही मिळते. तिचं काही चुकत नाही. फक्त "बरा झाला की पाठवा" म्हटलं तर बरा म्हणजे कधी हे तिला कळत नाही, म्हणून आता मी दिवस सांगतो. डोळ्यातली घाण अन पाणी थांबेस्तोवर, कांजिण्यांच्या सगळ्या पुटकुळ्यांवर खपली धरेस्तोवर, गोवर असन तर पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालफुगीत सूज आल्यापासून पाच.

गेल्या हिवाळ्यात परत एकाला गालफुगी झाली. त्याची माय फाटकाशी उभी राहून बोटावर मोजत होती, गुरुवारी सुजला, शुक्र, शनि, रवि. मग म्हणे, "सर, मंगळवारपर्यंत त्याची आजी सांभाळते, तवापर्यंत मी वेचणीले जातो. बुधवारी आणून सोडू ना?"