व्हीलुकअपसाठी यादी आधी क्रमाने लावावीच लागते?

एक्सेलच्या टिप्समध्ये हे वाक्य वर्षानुवर्षे फिरतंय: यादी चढत्या क्रमाने लावल्याशिवाय व्हीलुकअप (तक्त्याच्या पहिल्या रकान्यात एखादी गोष्ट शोधून तिच्याच ओळीतलं हवं ते उत्तर आणणारं सूत्र) बरोबर उत्तर देत नाही.

हा समज आला कुठून, ते सहज कळतं. व्हीलुकअपला चार गोष्टी सांगायच्या असतात: काय शोधायचं, कुठल्या तक्त्यात, कितव्या रकान्यातलं उत्तर हवं आणि जुळणी तंतोतंत हवी की अंदाजे (नेमका आकडा नसेल तर त्याहून लहान असलेला सगळ्यात जवळचा). चौथी जागा बरेच जण सोडून देतात. ती सोडली की एक्सेल अंदाजे जुळणी धरतं आणि यादी क्रमानेच आहे असं मानून मधूनच शोध सुरू करतं. तिथे ‘फॉल्स’ किंवा ० लिहिलं, तर क्रमाची गरजच उरत नाही.

करून बघा. एका रकान्यात ३०, १०, २० हे हजेरी क्रमांक एकाखाली एक लिहा, शेजारी गुण ४५, ६२, ७१. आता ३० चे गुण मागा. चौथी जागा सोडली तर ७१ येतील, म्हणजे २० क्रमांकाचे! चूक झाल्याची सूचनाही येत नाही. खरा धोका तोच. शेवटी ० लिहा, ४५ मिळतील.

गुणांवरून श्रेणी काढताना मात्र (०, ३५, ६०, ७५ असे टप्पे) अंदाजे जुळणीच लागते, आणि तिथे चढता क्रम हवाच.

० लिहूनही ‘एन/ए’ (म्हणजे ‘सापडलं नाही’) आलं, तर क्रमाला दोष देऊ नका. बहुधा नावामागे एखादी मोकळी जागा राहिलेली असते, नाहीतर आकडा मजकूर म्हणून साठवलेला असतो.