वेग वाढला, पण उत्तर बरोबर आले का?

डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात राहणाऱ्या पॅट्रिक लारोश यांच्या संगणकाने २,४८,६२,०४८ अंकांची एक मूळ संख्या शोधून काढली आणि पुढची जवळपास सहा वर्षे ती माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या राहिली. लारोश हे गणितज्ञ नव्हेत, ते माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातले. सुटे भाग जोडून बनवलेले नवे संगणक जड काम पेलतात की नाही हे पाहण्यासाठी ते कित्येक वर्षे ‘प्राइम९५’ ही मूळ संख्या शोधणारी आज्ञावली वापरत आले होते. इतकी वर्षे फुकट वापरली त्याची थोडी परतफेड करावी म्हणून त्यांनी आपल्या एका संगणकावर खराखुरा शोध सुरू केला आणि चौथ्याच प्रयत्नात संख्या हाती लागली.

ती मूळ असल्याची सिद्धता ज्यावर झाली तो प्रोसेसर होता इंटेलचा आय५-४५९०टी. तो ३५ वॉटचा असून त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, कारखान्यातच कुलूपबंद केलेला असतो. ओव्हरक्लॉकिंग करणारे, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणारे, त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. हे काम त्याने सलग १२ दिवसांत पुरे केले. वेगवान प्रोसेसरला कमी दिवस लागले असते यात शंका नाही. पण १२ दिवसांत एकही गुणाकार चुकू न देणे ही या कामाची पहिली अट आहे, आणि घरच्या प्रोसेसरचा वेग वाढवू पाहणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी तीच निसटते.

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरतो. एक म्हणजे मूळ क्लॉक, प्रोसेसरला ताल देणारा ठोका, जो आजकाल बहुधा १०० मेगाहर्ट्झ असतो, आणि दुसरा मल्टिप्लायर. तो ५० ठेवला की ५ गिगाहर्ट्झ. ठरवून दिलेल्या वेगापेक्षा हा गुणाकार वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए चा मूळ क्लॉक ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा तो स्वस्त प्रोसेसर ४५० वर धावे आणि बहुतेक वेळा कुरकुरही करत नसे. इतकी मोठी सवलत आता उरलेली नाही, कारण उत्पादकच ती ‘टर्बो’च्या, म्हणजे भार पाहून आपोआप वेग वाढवण्याच्या सोयीच्या, रूपाने आधी वापरून टाकतात. द्रव हेलियम ओतून ९.१ गिगाहर्ट्झ ओलांडण्याचे विक्रम २०२४ मध्ये झाले. पण ते काही क्षणांचे खेळ असतात. आठवडाभर चालणारे गणित किंवा रात्रभराचे रेंडर (संगणकावर रचलेल्या दृश्याचे चित्र तयार करणे) यांच्याशी त्यांचा संबंध नाही.

५ गिगाहर्ट्झवर क्लॉकचा एक ठोका २०० पिकोसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. या अवधीत विद्युत-संकेताने प्रोसेसरमधील सर्वांत लांबचा, अनेक ट्रान्झिस्टरांमधून जाणारा मार्ग पार करायचा असतो. वेग वाढवला की हा अवधी आक्रसतो. संकेत वेळेत पोहोचावा म्हणून ट्रान्झिस्टर अधिक चपळ करावे लागतात आणि त्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते. खरी किंमत मोजावी लागते ती येथे, कारण ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणार्थ, ४.५ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट पुरत असतील आणि ५ गिगाहर्ट्झसाठी १.३५ व्होल्ट लागत असतील, तर वेग ११ टक्के वाढतो आणि शक्तीचा खर्च ४० टक्क्यांनी. याशिवाय बंद ट्रान्झिस्टरांतून गळणारा प्रवाह असतोच, आणि तो व्होल्टेज व तापमान या दोन्हींबरोबर वाढतो.

कूलर कितीही चांगला असला तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक शक्तीला खोलीच्या तापमानापेक्षा किती अंश वर राहायचे एवढेच तो ठरवतो. समजा, १८० वॉटला हा फरक ५० अंशांचा आहे. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर स्थिरावेल. वर सांगितलेली ४० टक्के वाढ केली की फरक ७० वर जातो आणि प्रोसेसर ९५ वर. आता हीच मांडणी मे महिन्यात नागपूरच्या किंवा अकोल्याच्या वातानुकूलन नसलेल्या खोलीत ४० अंशांवर ठेवली तर हिशेब ११० अंशांचा होतो. तेथे प्रोसेसर अर्थातच पोहोचत नाही, कारण १०० च्या आसपास तो स्वतःहून वेग कमी करतो. म्हणजे व्होल्टेज वाढवून मिळवलेला वेग उष्णतेपायी परत जातो. जालावरची बहुतेक परीक्षणे गार खोलीत केलेली असतात, हे आपल्याकडच्या वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

तरीही उष्णता हा निदान दिसणारा त्रास आहे. संगणक हँग होणे किंवा आपोआप रीस्टार्ट होणे हेही दिसते. न दिसणारी चूक याहून वाईट. संकेत वेळेत पोहोचला नाही तर प्रोसेसर थांबत नाही. त्या जागी जो बिट असेल तो उचलतो आणि पुढे जातो. एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या एव्हीएक्स प्रकारच्या आज्ञा सर्वाधिक शक्ती ओढतात आणि बहुधा त्याच आधी डळमळतात, म्हणून पत्रलेखन, चित्रपट आणि गेम सुरळीत चालणारा संगणक गणितात चुकत असू शकतो.

लारोश यांच्या संख्येची चाचणी म्हणजे सव्वाआठ कोटींहून अधिक वेळा एका अवाढव्य संख्येचा वर्ग करणे, आणि प्रत्येक वर्ग आधीच्या उत्तरावर उभा. एखादा बिट कोठेही फिरला की पुढचे सर्व वाया. प्राइम९५ हे वर्ग अपूर्णांकांतून काढते. उत्तरे पूर्णांकांच्या अगदी जवळ यायला हवीत आणि मग ती जवळच्या पूर्णांकावर बसवली जातात. हे अंतर ०.५ च्या जवळ गेले तर खरा पूर्णांक अलीकडचा की पलीकडचा हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून ‘राउंडिंग ०.५ आले, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होते’ अशा अर्थाची सूचना देऊन तेथली चाचणी थांबते. संगणक त्या क्षणी अगदी ठणठणीत दिसत असतो! रॉबर्ट गेर्बिच यांनी सुचवलेल्या तपासणीमुळे अशा शोधातल्या चुका आता गणित चालू असतानाच जवळजवळ हमखास पकडल्या जातात. रेंडर, ध्वनिचित्रफितींचे रूपांतर किंवा महाविद्यालयीन प्रकल्पातले सिम्युलेशन यांना असा पहारेकरी सहसा नसतो.

त्यामुळे दहा मिनिटांच्या चाचणीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. कॅबिनेट आणि रेडिएटर पुरते तापायलाच तेवढा वेळ जातो. मल्टिप्लायर एकेक पायरीने वाढवावा, प्रत्येक पायरीला काही तास आणि शेवटच्या मांडणीला पूर्ण दिवस द्यावा, तोही वर्षातल्या उष्ण दिवसांत. डिसेंबरात जमलेली मांडणी एप्रिलअखेर पुन्हा तपासावी. भार पडताच व्होल्टेज किंचित खाली घसरते, म्हणून बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीच्या मांडणीत) लिहिलेल्या आकड्यापेक्षा भाराखाली प्रत्यक्ष मिळणारा आकडा पाहावा. घसरण भरून काढणारी ‘लोड-लाइन’ची सोय टोकाला नेऊ नये, कारण भार अचानक उतरला की व्होल्टेज क्षणभर उसळते.

अशा उसळ्या सोसूनच प्रोसेसर म्हातारा होतो. वाढीव व्होल्टेज आणि उष्णतेखाली ट्रान्झिस्टर हळूहळू मंदावतात, बारीक तारांमधील धातूचे अणू प्रवाहाबरोबर सरकत जातात, आणि पूर्वी पुरणारे व्होल्टेज अपुरे पडू लागते. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांत २०२४ मध्ये हेच उघड झाले, तेही ओव्हरक्लॉकिंग न करता. ते प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होते. कंपनीने ऑगस्टमध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतली आज्ञावली, बदलून त्या मागणीवर १.५५ व्होल्टची मर्यादा घातली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र मायक्रोकोडने भरून येत नाही.

सलग चालणाऱ्या कामासाठी माझा कौल उलट्या दिशेला आहे: चांगला कूलर घ्यावा आणि शक्तीला लगाम घालावा. एएमडीचा रायझेन ९ ७९५०एक्स मूळ मांडणीत २३० वॉटपर्यंत जातो. ‘इको’ मांडणीत त्याला १४२ वॉटवर अडवले तरी वेगातली घट त्या मानाने फारच थोडी असते. कमी होणारे ८८ वॉट दिवसरात्र चालणाऱ्या संगणकात महिन्याला ६० हून अधिक युनिट वाचवतात, आणि महाराष्ट्रातील टप्प्याटप्प्याच्या घरगुती वीजदरात ही युनिटे बिलाच्या वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात.