तुरटी फिरवणं वेगळं, नलगोंडा पद्धत वेगळी

नागपूरची नीरी १९५८ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था. १९७४ मध्ये नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झालं. जलप्रदूषण रोखण्याचा केंद्राचा कायदाही त्याच वर्षीचा, त्यामुळे संस्थेच्या इतिहासात ते साल ठळक दिसतं. पण गावच्या बोअरचं पाणी पिणाऱ्याच्या दृष्टीने मोठं साल १९७५, कारण पाण्यातलं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नीरीच्या संशोधकांनी तेव्हा मांडली. नलगोंडा हा तेव्हाच्या आंध्रातला, आताच्या तेलंगणातला फ्लोराइडग्रस्त जिल्हा. नाव तिकडचं, काम नागपूरचं.

या पद्धतीत तुरटी लागते आणि तिथेच घोळ होतो. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पट्ट्यात "आम्ही तर गुंडीत रोज तुरटी फिरवतो" असं सांगणारी घरं भेटतात. गाळ बसवायला ते ठीक आहे. फ्लोराइडला मात्र त्याने काहीही होत नाही.

पावसाळ्यात नदीचं, नाल्याचं पाणी गढूळ येतं. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून खाली बसत नाहीत. तुरटीतलं अॅल्युमिनियम त्यांना एकत्र आणतं, गुठळ्या होतात आणि त्या तळाला जातात. त्यासाठी लिटरला साधारण १० ते ५० मिलिग्रॅम तुरटी पुरते. पाणी फारच लाल असेल तर १०० पर्यंत. खडा चार-दोन वेळा फिरवला की तेवढी उतरते आणि काम झालं की नाही ते डोळ्यांना दिसतं.

फ्लोराइडचं तसं नाही. ते विरघळलेलं असतं. त्याला रंग नाही, वास नाही. खोल बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि त्यातच ते सापडतं. उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्यावर गेलं की आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि वर्षानुवर्षांनी मान-कंबर ताठणं.

नलगोंडा पद्धतीत तुरटी गाळ बसवायला घालत नाहीत. तिच्यापासून पाण्यात अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे मऊ, पांढुरके पुंजके तयार व्हावेत आणि फ्लोराइड त्यांना चिकटावं, हा हेतू. पुंजके भरपूर हवेत, म्हणून तुरटीही भरपूर. फ्लोराइड ३ आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल जिरवायची ताकद, ४०० मिलिग्रॅम असेल तर लिटरला सुमारे ४०५ मिलिग्रॅम तुरटी लागते. ४० लिटरच्या बादलीला १६ ग्रॅम, म्हणजे मोठ्या बोराएवढा अख्खा खडा. गुंडीत फिरवून एवढी उतरणार नाही.

आणि ही तुरटी कोणती? नीरीचे आकडे फिल्टर अॅलमचे, म्हणजे अॅल्युमिनियम सल्फेटचे. पाणीपुरवठा योजनेत तिच्या लाद्या येतात. किराणा दुकानातली, दाढीनंतर लावतात ती पोटॅश तुरटी. तिच्यात वजनाच्या मानाने अॅल्युमिनियम कमी, त्यामुळे तीच वापरायची तर वजन साधारण १.४ पट धरावं लागतं. ही बाब कुणी सांगतच नाही.

आता कृती, वरच्याच पाण्याची. १०० ग्रॅम फिल्टर अॅलम लिटरभर पाण्यात विरघळवून ठेवा. १० ग्रॅम विझवलेला चुना दुसऱ्या लिटरभर पाण्यात कालवा. चुना तुरटीच्या साधारण विसाव्या भागाएवढा लागतो. टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने. १० ग्रॅम लिटरभर पाण्यात कालवून, निवळलेलं पाणी घ्यायचं, आणि हे द्रावण ताजंच हवं. बादली ४० लिटरची, तोटी तळापासून ३ ते ५ सेंटिमीटर वर. आधी चुना ८० मिलिलिटर, बाटली हलवून, नाहीतर चुना तळातच राहतो. मग टीसीएलचं २० मिलिलिटर, शेवटी तुरटीचं १६० मिलिलिटर. मिनिटभर जोरात ढवळा, मग दहा मिनिटं हळूहळू. इथे घाई करणारे सगळं बिघडवतात, कारण जोरात ढवळत राहिलं की तयार झालेले पुंजके फुटतात आणि बसत नाहीत. नंतर तासभर हात लावू नका. वरचं पाणी तोटीने काढून स्वच्छ फडक्यातून गाळून घ्या.

खालचा गाळ म्हणजे गोळा झालेलं फ्लोराइडच. तो ढोरांच्या टाक्यात, विहिरीच्या काठाला, हापशीच्या नालीत टाकू नये. पाण्यापासून दूर खड्डा करून त्यात टाकावा.

फसतं ते बहुधा अल्कलिनिटीमुळे. लिटरमागे १ मिलिग्रॅम तुरटी जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. ती कमी असलेल्या पाण्यात तुरटी ओतत गेलं तर पाणी आंबट होतं, पुंजके धरत नाहीत आणि अॅल्युमिनियम फ्लोराइडला घेऊन पाण्यातच विरघळलेलं राहतं. दिसायला नितळ, फ्लोराइड जिथल्या तिथे आणि वरून अॅल्युमिनियम. पीएच ६.५ ते ७.५ मध्ये राहिला पाहिजे. म्हणून फक्त फ्लोराइडचा आकडा घेऊन तुरटी मोजणं चुकीचं आहे. फ्लोराइड ४ आणि अल्कलिनिटी १२५ असेल, तर आधी चुना किंवा धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) घालून अल्कलिनिटी वाढवल्याशिवाय ही पद्धत चालतच नाही.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे, ही कृती उचलून नेऊ नये. तिथे मूळ अडचण विरघळलेल्या क्षारांची. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, लिटरला १५०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर नलगोंडा पद्धत बसत नाही. ती पाण्यातून मीठ काढत नाही, उलट सल्फेट घालते. लिटरला ९३५ मिलिग्रॅम तुरटी गेली की एकट्या तुरटीतूनच सल्फेट ४०० च्या आसपास जातं, आणि मानकात वरची मर्यादा तेवढीच आहे. शिवाय एवढी तुरटी घातलेल्या पाण्याची चवही बिघडते.

नमुना न्यायचा तर स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत न्या, काचेच्या नाही, कारण फ्लोराइड काचेला लागतं. अहवालात फ्लोराइड, अल्कलिनिटी, टीडीएस आणि पीएच हे चारही आकडे मागा. प्रक्रिया केलेल्या पाण्याचीही वेगळी बाटली द्या. ओटी टेस्टला, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन बघतात त्या चाचणीला, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन पोचलं एवढंच कळतं, फ्लोराइडचं काही नाही. आणि बोअरचे आकडे उन्हाळ्यात एक, पावसाळ्यानंतर एक असे हलतात, म्हणून मे महिन्यात ठरवलेली मात्रा दिवाळीनंतर पुन्हा तपासून घ्यावी लागते.