नॉकिंग, शिसं आणि ऊस: ट्यून केलेल्या गाडीच्या इंधनामागचा इतिहास

ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रीमॅप करून (त्याचा प्रोग्राम बदलून) टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, वाढवला की पुढचा प्रश्न इंधनाचा. पंपावरचं ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरायचं की 100 ऑक्टेनसाठी जादा पैसे मोजायचे? याचं मूळ नॉकिंगमध्ये आहे. सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढली की ठिणगीची ज्वाला पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. हे सतत होत राहिलं तर पिस्टन निकामी होतो. इंधन हा ताण किती सोसतं, ते ऑक्टेनवरून कळतं.

अमेरिकेतल्या डेटन शहरात जनरल मोटर्सचे चार्ल्स केटरिंग आणि थॉमस मिजली शंभर वर्षांपूर्वी याच नॉकिंगच्या मागे लागले होते. अल्कोहोलनं ते थांबतं, हे त्यांना माहीत होतं. पण 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राएथिल लेडचा गुण त्यांच्या हाती लागला. अल्कोहोल भरपूर मिसळावं लागे आणि त्यावर कुणाची मक्तेदारी चालण्यासारखी नव्हती. शिशाचं हे संयुग मात्र गॅलनमागे काही मिलिलिटर पुरे, आणि पेटंटही घेता येत होतं. 1923 मध्ये शिसंयुक्त पेट्रोल विक्रीला आलं. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत विषबाधेनं पाच कामगार दगावले, तरीही ते टिकलं. पर्याय समोर असताना विष निवडलं गेलं, याचा आजही संताप येतो. भारतात ते देशभर बंद व्हायला फेब्रुवारी 2000 उजाडलं.

इथेनॉल आपल्याकडे आलं ते उसाच्या वाटेनं. 2001 मध्ये प्रायोगिक मिश्रण सुरू झालं, त्यात आपलं मिरज आणि मनमाड होतं. 2003 पासून काही राज्यांत 5 टक्के, 2022 मध्ये 10 टक्के आणि फेब्रुवारी 2023 पासून ई20. मळीला गिऱ्हाईक मिळावं आणि तेलाची आयात घटावी, हा हेतू. गाडी ट्यून करणारे कुणाच्या हिशेबात नव्हते. त्यांच्यासाठीची वाट वेगळी निघाली: डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑईलनं एक्सपी100 हे 100 ऑक्टेनचं पेट्रोल आणलं. मुंबई-पुण्यात ते सुरुवातीपासून मिळू लागलं आणि पुढे बिनाइथेनॉलचं पेट्रोल म्हणून त्याची ओळख झाली.

ई20 ला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. पूर्वीच्या साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन 91 होतं, ई20 चं 95 आहे. इथेनॉलचं स्वतःचं 108 च्या आसपास. शिवाय बाष्प होताना ते बरीच उष्णता शोषतं, त्यामुळे आत जाणारी हवा थंड होते. टर्बो गाडीला हे लाभदायकच. अडचण दुसरीकडे आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. एक किलो पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, तर इथेनॉलला 9 किलोच. म्हणजे तेवढ्याच हवेला ई20 आठ-नऊ टक्के जास्त लागतं. पूर्ण अॅक्सिलरेटरवर इंजेक्टर आणि फ्युएल पंप आधीच टोकाला पोचलेले असतील, तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि ऑक्टेन चांगलं असूनही इंजिन धोक्यात येतं.

अमेरिकेत ई85 वर (नावाला 85 टक्के इथेनॉलच्या इंधनावर) गाड्या पळवणाऱ्यांनी यावर तोडगा काढला. तिथं ई85 मध्ये इथेनॉल प्रत्यक्षात 51 ते 83 टक्के असू शकतं, म्हणून ते इंधनाच्या लाइनमध्ये सेन्सर बसवतात आणि ईसीयू त्यानुसार इंधन व इग्निशन (ठिणगीची वेळ) बदलतो. ब्राझीलमध्ये तर 2003 पासून पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या शोरूममधूनच निघतात. आपल्याकडे ई100 (जवळपास निव्वळ इथेनॉल) मार्च 2024 मध्ये निवडक पंपांवर आलं, पण त्याच्या भरवशावर गाडी ट्यून करावी इतकं ते सगळीकडे मिळत नाही.

म्हणून ई20 येण्याआधी रीमॅप झालेल्या, जुन्या होसपाइप आणि सीलच्या गाडीत मी 100 ऑक्टेनच भरेन. गाडी ई20 साठीच बनलेली असेल, तर रीमॅपही ई20 वरच करून घ्यावा. मॅप (ईसीयूमधला प्रोग्राम) साध्या पेट्रोलचा ठेवून महागडं पेट्रोल ओतल्यानं ताकद वाढत नाही. इग्निशन पुढे घ्यायची, म्हणजे ठिणगी लवकर पाडायची, मुभा मॅपमध्येच असावी लागते. डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी चढली तेव्हा टाकीत काय होतं, हे ट्यूनरकडून लिहून घ्या आणि लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी वाटेत ते कुठे मिळतं ते पाहून ठेवा.