तूप कढल्याचं आधी कानाला कळतं

तूप झालं की नाही हे वासावरून ओळखायचं, असं बहुतेक जण सांगतात. पण वासाच्या थोडं आधी आवाज बदलतो. लोणी कढायला ठेवलं की सुरुवातीला नुसता तडतडाट असतो. मग तो बारीक होत जातो आणि हळूहळू जवळजवळ थांबतो. शेजारी कणीक मळत असलेला माणूसही तेवढ्यावरून हात पुसत गॅसकडे वळतो. तापमापी नसलेल्या स्वयंपाकघरात हा आवाजच तापमापीचं काम करतो, आणि ही काही लोणकढी थाप नव्हे. आवाज नेमका तेव्हाच का थांबतो, हे समजून घ्यायचं तर सायीपासून सुरुवात करायला हवी.

दुधातली चरबी बारीक गोलकांच्या रूपात तरंगत असते. बहुतेक गोलक काही मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान. प्रत्येकाभोवती फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांचं पातळ आवरण असतं, म्हणून ते एकमेकांत मिसळून जात नाहीत. चरबी पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे दूध तापवून निवत ठेवलं की गोलक वर चढतात. तापल्यामुळे रचना बदललेली प्रथिनं पृष्ठभागावर पापुद्रा धरतात आणि त्यात हे गोलक अडकतात. ही साय. म्हशीच्या दुधात चरबी जास्त, साधारण ६ ते ८ टक्के, आणि गोलकही गायीच्या दुधापेक्षा मोठे, म्हणून तिथे जाड साय धरते. खोक्यातल्या टिकाऊ दुधावर मात्र साय धरतच नाही म्हटलं तरी चालेल. ते दूध प्रचंड दाबाने अरुंद फटीतून ढकललेलं असतं आणि त्यातले गोलक फुटून एका मायक्रॉनपेक्षाही लहान झालेले असतात. एवढे छोटे गोलक वर यायचं नावच घेत नाहीत. फ्रान्सच्या ओग्युस्त गोलँ यांनी असे गोलक फोडणाऱ्या यंत्राचं पेटंट १८९९ मध्ये घेतलं होतं. सायीसाठी दूध घेताना पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’, म्हणजे असे गोलक फोडलेलं, असं छापलंय का, हे बघून घ्यावं.

साठलेल्या सायीला विरजण लावलं की जिवाणू कामाला लागतात. लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं, लॅक्टिक आम्ल होतं, आंबटपणा वाढतो आणि केसीन हे प्रथिन थिजतं. यातले काही जिवाणू सायट्रिक आम्लापासून डायअसिटाइल नावाचं संयुगही बनवतात. ताज्या लोण्याचा तो ओळखीचा वास मुख्यतः त्याचाच. विरजण न लावता गोड सायीचं लोणी काढलं तर तूप होतं, पण त्याला तो बाज नसतो. कारखान्यातलं बरंचसं तूप न विरजलेल्या सायीचं असतं. घरच्या तुपाशी त्याची तुलना करताना आपण नाक मुरडतो त्याचं हे एक कारण.

आता घुसळणं. खरी गंमत इथे आहे. रवी फिरते तेव्हा सायीत हवेचे बुडबुडे शिरतात आणि चरबीचे गोलक त्यांच्या पृष्ठभागावर गोळा होतात. दुधाची चरबी म्हणजे अनेक प्रकारच्या मेदांचं मिश्रण. काही उणे तापमानालाही द्रव राहतात, काही ४० अंश सेल्सिअसच्या जवळपास वितळतात. म्हणजे गार सायीतल्या एकाच गोलकात थोडी चरबी घट्ट स्फटिक झालेली असते आणि थोडी पातळ असते. गोलक एकमेकांवर आदळले की एकाच्या स्फटिकांची टोकं दुसऱ्याचं आवरण भेदतात आणि आतली पातळ चरबी बाहेर येऊन दोघांना चिकटवते. असं होत होत दाणे जमतात आणि मग एकाएकी सगळं उलटतं. इतका वेळ पाण्यात चरबीचे थेंब होते. आता चरबीत पाण्याचे थेंब अडकतात, उरलेलं ताक वेगळं होतं. हाताला ते लगेच कळतं. जड झालेली रवी हलकी फिरायला लागते आणि घट्ट घुर्र आवाजाच्या जागी छपछप ऐकू येते.

मे महिन्यात लोणी का येत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. उन्हाळ्यात चरबी जवळजवळ सगळी पातळ. स्फटिक नाहीत, तर आवरण भेदणार कोण? जमलंच तर ते पिठळ, हाताला चिकटणारं असतं. म्हणून बर्फ टाकायचा. फ्रिजमधून काढलेली अगदी गारढोण साय घुसळली तर उलटी अडचण होते. चरबी इतकी कडक असते की चिकटायला पातळ भागच उरत नाही. म्हणून थंडीत कोमट पाणी घालायचं. साधारण १० ते १५ अंशांच्या आसपास दोन्ही रूपं योग्य प्रमाणात असतात. मिक्सरमध्ये घुसळताना पात्याच्या घर्षणानेही साय तापते, तेव्हा सलग फिरवण्यापेक्षा थांबत थांबत फिरवलेलं बरं.

लोणी गार पाण्याने धुतलं की चिकटलेलं ताक जातं आणि तुपाला आंबूस वास येत नाही. पण चारचारदा धुऊन पांढरंशुभ्र करण्याचा सोस मला पटत नाही. खमंगपणा ज्यातून येतो ते लॅक्टोज आणि प्रथिन त्या पाण्याबरोबरच वाहून जातं.

आता कढई. चांगल्या लोण्यातही १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, घरच्या लोण्यात याहून जास्त. लोणी वितळून उकळू लागलं की तापमान १०० अंशांच्या जवळ अडून बसतं. गॅस कितीही मोठा करा, उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१५ ज्यूल लागतात, पण उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६०, म्हणजे सातपट. तडतडाट हा त्या वाफेच्या बुडबुड्यांचा. प्रथिनांमुळे ते लवकर फुटत नाहीत, म्हणून वर पांढरा फेस चढतो.

पाणी संपत आलं की आवाज मावळतो, फेस बसतो, तूप पारदर्शक होऊन तळ दिसू लागतो. तापमान रोखून धरणारं आता काही नसतं. ते भराभर ११०, १२० अंशांकडे सरकतं. तळाशी बसलेली प्रथिनं आणि लॅक्टोज यांच्यात बदामी रंग आणि खमंग वास आणणारी मेलार्ड अभिक्रिया वेग घेते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामी मेलार्ड यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ही अभिक्रिया भाकरीच्या पापुद्र्यावर आणि भाजलेल्या रव्यातही घडते. चरबीतून लॅक्टोन नावाची सुगंधी संयुगंही सुटतात. खमंग वास येतो तो या टप्प्यावर, म्हणजे आवाज थांबल्यानंतर. चांगलं तूप आणि करपलेलं तूप यांत इथे दोन-चार मिनिटांचंच अंतर असतं. आवाज बारीक झाला की आच मंद करावी, आणि बेरी बदामी दिसताच गॅस बंद. जाड बुडाचं भांडं त्यानंतरही उष्णता सोडत राहतं, त्यामुळे बेरी तांबूस होईपर्यंत वाट पाहिली तर ती काळी होते.

काही घरी शेवटी विड्याचं पान टाकतात. पानातलं पाणी झटकन उडतं, चर्र होतं आणि पान कुरकुरीत होतं. तूप पुरेसं तापल्याची ही एक खूणच. शिवाय पानातल्या युजेनॉलसारख्या फिनॉल संयुगांमुळे चरबीचं ऑक्सिडीकरण, म्हणजे खवट होणं, लांबतं. पाण्याचा शिपका मारून बघण्याची पद्धतही आहे, पण ती जपून. थेंब तुपापेक्षा जड, तो आत बुडतो आणि क्षणात हजारपटीहून अधिक फुगून वाफ होतो. हात भाजण्याचा सरळ मार्ग.

नीट कढलेल्या तुपात पाणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातं. तेवढ्यात जिवाणू वाढू शकत नाहीत, म्हणून तूप बाहेर टिकतं आणि ओला चमचा बुडवणाऱ्यावर घरात आरडाओरडा होतो. गाळून उरलेल्या बेरीत प्रथिनं, लॅक्टोज, फॉस्फोलिपिडं आणि बरंचसं तूप असतं. साखर घालून ती मुलांना द्यावी, हे सांगायला विज्ञान लागत नाही. कणकेत घालून पोळ्याही खुसखुशीत होतात.

राहिला रवाळपणा. तूप निवताना जास्त तापमानाला वितळणारे मेद आधी स्फटिक होतात. सावकाश निवलं तर थोडेच स्फटिक जन्मतात आणि मोठे होतात. तोच कणीदार रवा. गरम बरणी तशीच फ्रिजमध्ये ठेवली तर असंख्य बारीक स्फटिक एकदम तयार होतात आणि तूप मेणासारखं गुळगुळीत गोठतं. म्हशीच्या तुपात असे मेद अधिक, म्हणून ते सहज रवाळ होतं. त्याचा रंग पांढरा, कारण म्हैस बीटा कॅरोटीन या पिवळ्या रंगद्रव्याचं जीवनसत्त्व ‘अ’ करून टाकते. गायीच्या तुपात ते थोडं शिल्लक राहतं आणि पिवळी झाक येते. गुळगुळीत गोठलेलं तूप बिघडलेलं नसतं. ते पूर्ण वितळवावं, कोमट होऊ द्यावं, त्यात चमचाभर जुनं रवाळ तूप मिसळावं आणि बरणी न हलवता ओट्याच्या कोपऱ्यात रात्रभर ठेवावी. जुने कण बीजासारखे काम करतात आणि नवी चरबी त्यांच्याभोवती जमते. फक्त जुनं तूप घालताना नवं गरम असेल तर बीजच वितळून जातं.