नवा ड्राइव्ह-वे ताब्यात घेण्याआधी काय तपासाल?

काम संपल्या दिवशी पेव्हर ब्लॉक सगळ्यांचेच छान दिसतात. कसर राहिली असेल तर ती पहिल्या मोठ्या पावसात उघडी पडते, आणि तोवर ठेकेदाराचे पैसे चुकते झालेले असतात. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी अर्धा तास काढा आणि तपासणी आमच्या माणसासमोरच करा. काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असेल, तरी तपासणी हीच.

आधी पाणी

घराच्या भिंतीलगत दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. पाणी जोत्यापासून लांब, गटाराकडे किंवा गेटकडे वाहिलं पाहिजे. मीटरला २ सेंटीमीटर ढाळ पुरतो. म्हणजे ३ मीटर रुंदीत ६ सेंटीमीटर. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने हे पाच मिनिटांत मोजता येतं. ढाळ भिंतीकडे असेल तर कुठलीही सबब ऐकू नका, ब्लॉक काढून पुन्हा बसवायला लावा. जोत्यात ओल शिरते. त्यातून घर काळ्या मातीवर असेल तर ती माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं सगळं हलतं. चेंबरच्या झाकणाभोवती पाणी साचतंय का, तेही तेव्हाच बघून घ्या.

सांधे आणि कडा

दोन ब्लॉकमधली फट २ ते ४ मिलिमीटर हवी आणि ती वाळूने भरलेली हवी. स्टीलची पातळ पट्टी सांध्यात घाला. ती सहज खोल उतरली, तर वाळू नुसती वरून झाडली आहे, खाली गेलेलीच नाही. मग कडेच्या ब्लॉकवर टाच दाबून उभे राहा. ब्लॉक डुगडुगता कामा नये. कडेला कर्ब, म्हणजे ब्लॉक धरून ठेवणारी उभी कड, नसेल, किंवा असूनही त्याला मागून काँक्रीटचा आधार नसेल, तर गाडी वळताना ब्लॉक बाहेर सरकतात आणि सगळी वीण सैल होते. चाकाच्या वाटेवर ब्लॉकचे बारीक तुकडे बसवलेले दिसले तर बदलून मागा. ते टिकत नाहीत.

ब्लॉक आणि त्याखालचं

उरलेला एखादा ब्लॉक हातात घ्या, जाडी मोजा. घरच्या कारसाठी ६० मिलिमीटर चालतो. पाण्याचा टँकर आत येत असेल तर ८० घ्या, इथे पैसे वाचवू नका. ब्लॉक आयएस १५६५८ या मानकाचा आहे का, ते बिलावर लिहून घ्या.

मुरूम, खडी आणि रोलरची दबाई मात्र नंतर दिसत नाही, आणि खड्डे बहुतेक तिथूनच पडतात. म्हणून प्रत्येक थराचे टेप लावून काढलेले फोटो मागा. आम्ही ते काम चालू असतानाच पाठवतो.

ब्लॉकवर पांढरट थर आला तर घाबरू नका. तो सिमेंटमधला क्षार असतो, पावसापाण्याने हळूहळू जातो. ॲसिडने मात्र धुऊ नका.

गाडी फिरू लागली की सांध्यातली वाळू थोडी खाली बसते. महिन्याभराने फोन करा; वाळू पुन्हा भरून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.