स्काऊट-गाईड शिबिर (कोल्हापूर जिल्हा)

भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संघटनेच्या शालेय पथकांचे निवासी मैदानी शिबिर. मुले तंबूत राहतात, स्वतः स्वयंपाक करतात आणि गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, मागखुणा यांच्या कसोट्या देतात. या पद्धतीचे मूळ स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर २० मुलांना घेऊन भरवलेल्या शिबिरात आहे. भारतातील आजची संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली आणि १९५१ मध्ये मुलींची गाईड चळवळ तिच्यात आली. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी चढती श्रेणी आहे. पहिले टप्पे शाळेच्या मैदानावर पार पडतात, पण मुलाची खरी तयारी चाचणी शिबिरातच कळते.

शिबिराचे एकक ६ ते ८ जणांचा संघ. त्यांचा तंबू एक, चूल एक आणि प्रमुख संघनायक. कामे रोज फिरती असतात: आज पाणी भरणारा उद्या लाकूड आणतो, परवा रांधतो. शिक्षकांनी हात आखडता ठेवला तरच ही पद्धत चालते. सरांनी किंवा बाईंनी तंबू उभारून दिला, तर मुले फक्त झोपायला आल्यासारखी होतात.

कोल्हापूर परिसरात शिबिरांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. जागा निवडताना सर्वांत आधी माती पाहावी. शहरापासून सुमारे २० किमीवरचा पन्हाळा आणि त्याच्या पश्चिमेचे मसाई पठार येथे जांभा खडक आहे. वरचा मातीचा थर वीतभरसुद्धा नसतो, त्यामुळे खुंटी निम्मीच जाते आणि रात्रीच्या वाऱ्यात उपटते. अशा ठिकाणी ताणदोर (तंबू ताणून धरणारे दोर) मोठ्या दगडांना बांधतात. शौचखड्डाही खणता येत नाही, म्हणून शौचालय असलेली इमारत जवळ नसेल तर पठारावर मुक्काम करू नये. तिथे दिवसाची पदभ्रमंती मात्र उत्तम होते. झाडे फारशी नसल्याने मागखुणा दगडांनी मांडाव्या लागतात: बाण म्हणजे ‘इकडे’, फुली म्हणजे ‘ही वाट नाही’, वर्तुळात टिंब म्हणजे ‘मी घरी गेलो’. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत खुंटी सहज जाते, पण अवकाळी सर आली की तीच माती तिला सोडते. राधानगरी अभयारण्याच्या परिसरात गवे आहेत. तिथे वनविभागाची परवानगी हवीच, आणि शेकोटीचा विचारही करू नये.

खुंटी तंबूपासून बाहेर झुकवून साधारण ४५ अंशांत मोगरीने ठोकतात. सुती ताणदोर दवाने भिजून आखडतात आणि पहाटे खुंट्या ओढून काढतात, म्हणून झोपण्यापूर्वी ते थोडे सैल करायचे. पावसात कापडी तंबूला आतून बोट लागले की तिथून पाणी झिरपू लागते. चपला, ताटे आणि बादल्या ठेवण्यासाठी मुले बांबूच्या मांडण्या करतात. दोन आडवे-उभे बांबू जोडणाऱ्या चौकोनी बांधणीत क्लोव्ह हिच या गाठीने सुरुवात, तीन वेढे, बांबूंच्या मधून आवळणारे दोन वेढे आणि शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. मांडणी डुगडुगली तर दोष बहुधा आवळण्यात असतो: वेढे मोजून घेतलेले असतात, पण प्रत्येक वेढा ओढून बसवलेला नसतो.

आठ जणांच्या खिचडीला पाऊण किलो तांदूळ आणि पाव किलो मूगडाळ पुरते. पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप दिला की काजळी मातीसकट निघते. चुलीचे तोंड वाऱ्याकडे असावे, पण वारा जोराचा असेल तर दगडांचा आडोसा हवा. नाहीतर जाळ भांड्याबाहेर पळतो आणि भात कच्चा राहतो. उसाचे पाचट इथे मुबलक मिळते, पण ते भडकून क्षणात संपते. पेटवणापुरते चिमूटभर घ्यावे, स्वयंपाक बाभळीच्या लाकडावर करावा. शिबिराचा काळ म्हणजेच ऊसतोडीचा हंगाम. उभ्या फडाजवळ चूल किंवा शेकोटी लावू नये. तोडणी चालू असताना फडातले सापही बाहेर पडतात, तेव्हा तंबू बांधापासून दूर आणि बूट झाडूनच पायात.

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी किमान पाच लिटर पाणी धरावे, म्हणजे संघाला रोज ४० लिटर. सांडपाण्याच्या खड्ड्यावर वाळल्या गवताचा थर पसरतात. त्यात तेलकटपणा अडकतो, आणि ते गवत रोज जाळून नवे घालतात. हा थर विसरला की दुसऱ्याच दिवशी माश्या घोंगावतात. शौचखड्डा ३० सेंमी रुंद आणि निदान ६० सेंमी खोल, पाण्यापासून दूर व उताराच्या खालच्या बाजूला असावा. काढलेली माती मागे ढीग करून ठेवायची आणि प्रत्येकाने वापरानंतर फावडेभर टाकायची.

शेवटच्या दिवशी खड्डे बुजवून, खणताना काढलेले गवताचे ढेकूळ जागच्या जागी बसवतात. घाई होते ती तंबूंची. दवाने ओले कापड तसेच गुंडाळले तर पुढच्या वर्षी त्यावर काळी बुरशी निघते, आणि बुरशीने खाल्लेले कापड पहिल्याच ताणाला फाटते. म्हणून तंबू उन्हात पालथे घालून सुकवावे लागतात, आणि परतीची एसटी दुपारनंतरचीच ठरवावी लागते.